पंच नंबर एक

अप्पांच्या दुकानात आलेला पोलीस पोट आत ओढून उभा राहायचा. शिपाई असो की फौजदार, टेप कमरेभोवती आली की श्वास रोखलाच म्हणून समजा. अप्पा त्यावर काही बोलायचे नाहीत. टेप तशीच धरून विचारायचे, "गावाकडं पाऊसपाणी कसं हाय?" किंवा "पोरीचं जमलं का कुठं?" उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो. पोट आपल्या जागी आलं की अप्पा आकडा टिपून घ्यायचे, आणि वर आणखी दोन बोटं कापड आतल्या शिवणीत दाबून ठेवायचे. "पुढल्या दिवाळीला लागतंय," असं नंतर मला सांगायचे.

ठाण्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे पत्र्याचे दोन गाळे होते. एक त्यांचा, एक माझा. माझ्याकडे टायपिंग, झेरॉक्स आणि तहसीलचे अर्ज. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे त्यांचं मशीन माझ्या टेबलावर वाजायचं. गावाचं नाव मी मुद्दाम घालत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आणि तिथून लोहाऱ्याला जीपनं जाता येतं, एवढं पुरे. नाव घातलं तर कुणीतरी खुलासा मागायला येईल, आणि खुलासे टाइप करून मी कंटाळले आहे.

अप्पा अंगानं काटकुळे होते. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. घरात कानडी बोलायचे. मराठी झरझर वाचायचे, पण शाळा सीमेपलीकडे आळंदच्या बाजूला झालेली, म्हणून सही कानडीत करायचे. मला "अक्का" म्हणायचे. मी त्यांच्या बेंबळीला दिलेल्या लेकीपेक्षाही लहान, पण दुकान टाकलेल्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची नाही हा त्यांचा नियम होता. दुसरा नियम म्हणजे माप घेताना समोरच्यानं सरळ उभं राहायचं. आमच्या गावात बदलून आलेल्या प्रत्येक साहेबाला पहिल्या आठवड्यात "सरळ उभं ऱ्हावा" असं सांगणारा माणूस एकच होता, आणि प्रत्येक साहेब ऐकायचा.

वर्दीवरून त्यांना माणसाचं सगळं कळायचं. एखादा हवालदार पँट सैल करायला आला की अप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "निलंबित हाय. घरी बसून खातोय." पुढे महिन्याभरात बातमी खरी ठरायची. निलंबित माणसाकडून ते शिलाई घेत नसत. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "परत कामावर आला की देतोच की. सगळे परत येतेत."

या अप्पांचा दुसरा एक धंदा होता, ज्याला धंदा म्हणता येत नाही. ते पंच होते. पोलीस कुणाला अटक करतात, काही जप्त करतात, जागेची पाहणी करतात, तेव्हा दोन त्रयस्थ माणसं तिथं हजर असावी लागतात. जे झालं ते त्यांच्यासमोर झालं, अशी त्यांनी सही करायची. कायदा चांगला आहे. पण पंच व्हायला कुणी तयार नसतं. एक दिवस वाया जातो आणि पुढे कित्येक वर्षं कोर्टाच्या तारखांना जावं लागतं. म्हणून ठाण्यातला रायटर हवालदार, म्हणजे सगळी लिखापढी करणारा हवालदार, कागद घेऊन रस्ता ओलांडून यायचा. अप्पा मशीन थांबवायचे, पंच नंबर एक म्हणून सही करायचे आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. पंच नंबर दोन म्हणून शेजारचा हॉटेलवाला असायचा. तो पुढे वारला. पुष्कळदा कागदावर सहीखेरीज काही लिहिलेलंच नसायचं. मजकूर मागून भरला जायचा.

सुरुवातीला एकदा कोर्टात फजिती झाली. चोरीच्या जागेच्या पूर्वेला काय आहे, असं वकिलानं विचारलं. अप्पा म्हणाले विहीर, हॉटेलवाला म्हणाला लिंबाचं झाड. आरोपी सुटला. रायटरनं दोघांना इतकं झापलं की अप्पांनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर तारीख आली की ते पंचनाम्याची नक्कल मागवून चतुःसीमा पाठ करायचे. पत्र्यापलीकडून मला ऐकू यायचं. मशीनच्या तालावर चालायचं, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस बैलगाडीचा रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस बांध. शाळेतलं पोरगं पाढे म्हणतं तसं. कधी न पाहिलेल्या कितीतरी जागांच्या चारी बाजू त्या माणसाला तोंडपाठ होत्या. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नसे. मलाही वाटत नसे. आम्ही दोघं त्यावर हसायचो.

तेव्हा ठाण्यात एक तरुण फौजदार आले होते. बोलायला गोड, झेरॉक्सला स्वतः यायचे, "ताई, जरा घाईचं आहे" म्हणायचे. त्यांची वर्दी अप्पांनी इतकी चांगली शिवली की ते फोटो काढायला आमच्याच गाळ्यासमोर उभे राहिले होते. त्या हंगामात शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. शेतकऱ्यांनी ठाण्यावर मोर्चा आणला. दुसऱ्या दिवशी बालाजीला उचललं. बालाजी लोहाऱ्याच्या रस्त्यावर वडाप, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी जीप चालवायचा. कुणीतरी सांगितलं, त्याच्या जीपमधून एक मोटार गेली होती.

तीन दिवस तो आत होता आणि कागदावर कुठंच नव्हता. चौथ्या दिवशी अटक दाखवली. त्या दिवशी ठाण्याचा प्रिंटर बंद होता म्हणून रायटर हातानं लिहिलेला मजकूर घेऊन माझ्याकडे आला आणि तो पंचनामा मी टाइप केला. हे मी कुठंही सांगितलेलं नाही. टाइप करणाऱ्याचं नाव पंचनाम्यात नसतं. मजकूर असा होता की, आरोपी पोलिसांना पाहून पळाला, शेतातल्या पडक्या विहिरीत पडला आणि त्याच्या डाव्या पायास मार लागला. खाली चतुःसीमा. अप्पांची कानडी सही ज्या कोऱ्या कागदावर होती, तोच कागद मी प्रिंटरमध्ये सरकवला. सहीच्या वर मजकूर बरोबर बसेल अशी जागा सोडायची मला सवय होती.

मोटार पुढे भलतीकडेच सापडली आणि बालाजी जामिनावर घरी आला. त्याचा डावा पाय मात्र तळव्यावर बसलेल्या मारानं कायमचा अधू झाला होता. क्लच दाबता येईना. जीप उभी राहिली.

मग एक दिवस दुपारी त्याची बायको सुमन अप्पांच्या दुकानात आली. माझ्याकडे एक अर्ज करायला आली होती, तिथूनच पलीकडे गेली. ती भांडायला आली असं मला वाटलं. पण तिनं फक्त विचारलं.

"अप्पा, तुमी बघितलं म्हणं त्यांना पडताना. कुठली हीर ती?"

अप्पांनी मशीन थांबवलं. आणि सवयीनं म्हणून गेले, "पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, दक्षिणेस बांध, उत्तरेस आंब्याचं झाड."

"आमचंच रान हाय की ते," सुमन म्हणाली. "तिथं हीर न्हाय."

ती गेली. मशीन पुन्हा सुरू झालं नाही. मी डोकावले तर अप्पा हातातल्या कापडाकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. ते बसनं बालाजीच्या गावाला गेले होते. संध्याकाळी आले ते पायाला चिखल घेऊनच.

"सोयाबीन हाय," मला म्हणाले. "पूर्वेला रस्ता हाय, नाला हाय, आंबा बी हाय. हीर न्हाय, अक्का. म्या सगळं रान फिरलो."

नंतर कळलं ते इतकंच, की रायटरनं जुना एक पंचनामा समोर ठेवून विहिरीचा मजकूर उचलला होता आणि चतुःसीमा नवी घातली होती. घाईत होतं तसं. त्याला विहीर बघायला जायचं सुचलं नाही. कुणालाच सुचत नसे.

अप्पा सरळ ठाण्यात गेले आणि रायटरला म्हणाले, "माझी सही मागं घेतो." रायटर हसला. त्यानं चहा मागवला. "अप्पा, सही मागं घेता येत न्हाय. शिवलेलं उसवता येतंय, ह्ये न्हाय." हे अप्पांनी मला येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्यांना उसवण्याचा दाखला पटला होता, आणि म्हणूनच फार लागला होता.

सुमननं वरपर्यंत अर्ज केले. ते मी टाइप केले, आणि त्यातल्या एकाचेही पैसे घेतले नाहीत. एवढ्यानं माझं काही फिटत नव्हतं हे मला कळत होतं. अखेर विभागीय चौकशी लागली. फौजदार साहेबांनी आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून अप्पांचं नाव दिलं. दुसऱ्या कुणाचं देणार? कागदावर विहीर पाहिलेले ते एकटेच उरले होते.

अप्पांनी चौकशीत सांगितलं, मी तिथं नव्हतो, कागद कोरा होता, विहीर नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, मग सही का केली? अप्पा म्हणाले, "मागितली म्हणून केली."

त्या आठवड्यापासून ठाण्याची शिलाई बंद झाली. वर्द्या उमरग्याला जाऊ लागल्या. अप्पा शाळेचे गणवेश, परकर, उशांचे अभ्रे शिवू लागले. कुणी त्यांना धमकावलं नाही, शिवी दिली नाही. रस्ता ओलांडून कुणी येईनासं झालं, एवढंच. चांगलं ओळखणारे शिपाईसुद्धा समोरून जाताना मोबाइल काढायचे.

काही महिन्यांनी आदेश आला. मारताना ज्या दोन शिपायांनी बालाजीचे पाय धरून ठेवले होते त्यातला एक बडतर्फ झाला. रायटरला खालच्या पदावर आणलं. फौजदार साहेबांची एक वार्षिक वेतनवाढ एक वर्षासाठी रोखली आणि बदली झाली. तो आदेश मीच सुमनला वाचून दाखवला. अप्पा शेजारी उभे होते.

"वाढ थांबली म्हंजे काय?" सुमननं विचारलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीचा पगार वाढणार नाही."

"अन् हाय तो पगार?"

"तो चालू आहे."

अप्पा म्हणाले, "अक्का, ज्यानं धरलं त्याची भाकरी गेली. ज्यानं सांगितलं त्याची नुसती वाढ थांबली. ह्ये कसलं माप?" त्यांना राग आला होता. तो मी पहिल्यांदा पाहिला आणि नंतर तो कधी दिसलाही नाही.

मारहाणीबद्दल फौजदार साहेबांवर कोर्टात भरलेला खटला राहिला होता. चौकशीतलं बोलणं कोर्टात चालत नाही, पुन्हा शपथेवर सांगावं लागतं. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला अप्पा धुतलेला सदरा घालून कोर्टाच्या पायरीवर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. बालाजी काठी घेऊन यायचा. दोघं एकाच पायरीवर, पण हातभर अंतर ठेवून बसायचे. एवढ्या तारखांत त्यांच्यात काय बोलणं झालं, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, "काय बोलावं? त्याचा पाय अन् माझी सही. दोन्ही दिसतंय की."

साक्षीच्या दिवशी मी दुकान बंद करून गेले होते. फौजदार साहेब साध्या कपड्यांत मागच्या बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. मीही हलवली. अजून त्याचं वाईट वाटतं.

सरकारी वकिलांचे प्रश्न लवकर संपले. मग साहेबांचे वकील उठले. आवाज चढवला नाही, मोठे सभ्य गृहस्थ होते.

"आजवर किती खटल्यांत पंच म्हणून साक्ष दिली तुम्ही?"

"लई."

"प्रत्येक वेळी शपथ घेतली होती?"

"व्हय."

"पंचनामा माझ्यासमोर झाला, मला वाचून दाखवला, असं शपथेवर सांगितलं?"

"व्हय."

"ते खरं होतं?"

"न्हाय."

"म्हणजे तुम्ही याच कोर्टात शपथेवर खोटं बोलत आला आहात."

"व्हय साहेब. त्येच सांगायला आलोय."

वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहिलं आणि बसले. आणखी काही विचारायची गरज नव्हती. माझ्या लगेच लक्षात आलं, आणि अप्पांच्या मात्र आलं नाही. ते पिंजऱ्यातून खाली उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोकळेपणा होता. बाहेर येऊन बालाजीला म्हणाले, "झालं बाबा. सांगितलं सगळं." बालाजीनं हात जोडले.

निकालात तेच आलं. साक्षीदार शपथेवर खोटं बोलण्याचा सराव असलेला आहे, त्याच्या भरवशावर शिक्षा देणं सुरक्षित नाही. संशयाचा फायदा देऊन फौजदार साहेबांची निर्दोष मुक्तता. निकाल वाचला तेव्हा सुमन रडली नाही. बालाजीनं काठी उचलली आणि बसची वेळ झाली म्हणाला. मलाही रडू आलं नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर मला या सगळ्याचं काही वाटेनासं झालं. वाटायचं ते आधीच वाटून संपलं असावं.

आठवड्यानं अप्पा माझ्याकडे आले. स्टुलावर बसले. म्हणाले, "अक्का, एक अर्ज टाका. माझ्यावरच."

"तुमच्यावर?"

"कोर्टानं लिवलंय न्हवं, म्या खोटं बोलणारा हाय म्हणून. मग खोट्या साक्षीची शिक्षा हाय की कायद्यात. द्या म्हणावं."

मी समजावून पाहिलं. वयाचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. ते ऐकून घेत होते, माप देणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं. मग सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. किती प्रकरणात सह्या केल्या ते आठवेल तसं सांगत गेले. नावं त्यांना आठवत नव्हती. चतुःसीमा आठवत होत्या. अर्जात मी त्याच घातल्या. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, या जागी मी कधीच गेलो नव्हतो. असं एकेक करून साडेतीन पानं झाली. बालाजीच्या पंचनाम्यापाशी आल्यावर ते थांबले. माझ्या कीबोर्डकडे बघून म्हणाले, "टायपिंगचं लिवू नगा."

त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही. माझंही नाव घाला, असं मी म्हणू शकले असते. म्हणाले नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज आजही तेवढीच आहे.

अर्ज त्यांनी कोर्टात दिला, ठाण्यातही दिला, आणि दोन्हीकडून पोच घेतली. मग दर सोमवारी ठाण्यात जाऊन बाकावर बसू लागले. ठाणे अंमलदार म्हणायचा, "चौकशी चालू हाय, अप्पा." त्याला त्यांची दया येत असे. एकदा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, समजावा की म्हाताऱ्याला. आमी कुणाकुणाचे खटले उकरायचे?" आणि ते खरंच होतं. अप्पांना शिक्षा द्यायची तर त्या सगळ्या सह्या खोट्या म्हणाव्या लागल्या असत्या. मग त्या सह्यांवर आत गेलेल्या माणसांचं काय, असा प्रश्न आला असता.

उत्तर पावसाळा सरता सरता आलं. पोस्टमननं अप्पांचं दुकान बंद बघून माझ्याकडे दिलं. अप्पा आले तेव्हा चष्मा घरी राहिला होता. म्हणाले, "वाचा." मी वाचलं. सदर अर्जाचे अवलोकन केले असता कारवाई करण्याइतपत पुरावा आढळून येत नसल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

"म्हंजे?"

"म्हणजे फाइल बंद, अप्पा. तुम्हाला शिक्षा नाही."

ते उभे होते. स्टूल पुढे केलं तरी बसले नाहीत. पत्राच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"मला न्हाय," ते म्हणाले. "सायबाला बी न्हाय." मग माझ्याकडे पाहिलं. "मंग शिक्षा झाली कुणाला, अक्का?"

मला उत्तर माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण ते नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

"एक झेरॉक्स काढा ह्येचं," ते म्हणाले. "बालाजीला नेऊन देतो. शिक्षा म्या मागितली व्हती, एवढं तरी त्येला कळू दे."

मी झेरॉक्स काढून दिली. मूळ पत्र त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवलं, नक्कल चार घड्या करून सदऱ्याच्या आत घातली आणि रस्ता ओलांडून ठाण्याशेजारच्या स्टँडकडे गेले. बेंबळीच्या लेकीकडून अप्पा वारल्याचा निरोप आला तो त्यानंतर चार दिवसांनी, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. बालाजीच्या गावाची बस लागली होती. आत गर्दी होती, शाळा सुटलेली. खिडकीतून पांढरा सदरा तेवढा दिसत होता. बस निघाली तेव्हा ते उभेच होते, कुणी जागा दिली नव्हती.